रंग भरण्याआधी : घनवादी स्थिरवस्तुचित्रातील आकार आणि रंग

घनवादी चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'यात व्हायोलिन कुठे आहे?' किंवा 'हा पेला आहे की बाटली?' प्रश्न नेहमी आकाराविषयी असतो. या चित्रातला रंग कुठे गेला, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. समीक्षकही याला फारसे अपवाद नाहीत. घनवाद म्हणजे आकाराची मोडतोड, एकाच वेळी अनेक बाजूंनी पाहणे, इतके सांगून आपण त्या संप्रदायाची बोळवण करतो. रंग हा जणू त्या घरातला पाहुणा. आला काय, न आला काय.

मला वाटते, गफलत इथेच आहे. घनवादाची खरी कथा आकार आणि रंग यांच्या ताटातुटीची आणि पुनर्भेटीची आहे. ती लक्षात घेतली नाही, तर पॅरिसमधली ती चित्रे तर कळत नाहीतच. पण आपल्याकडे घनवाद आला तेव्हा त्याचे काय झाले, हेही नीट उमगत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या पेशामुळे. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. घरात मराठी आणि शाळेच्या फळ्यावर हिंदी, अशी आमची मुले. तरी दोन्ही भाषांत मास्तरचे वाक्य एकच : आधी आकार काढा, मग रंग भरा. 'रंग भरणे' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज वापरतो की त्यात एक अख्खा कलाविचार दडला आहे, हे ध्यानात येत नाही. आकार म्हणजे रिकामे भांडे आणि रंग म्हणजे त्यात ओतायचे पाणी. भांडे आधी, पाणी नंतर; आणि पाणी भांड्याबाहेर सांडले की गुण कमी.

एका वर्षी परीक्षेला पितळेचा गडवा, त्याच्या पुढ्यात दोन संत्री आणि खाली पांढरे कापड अशी मांडणी ठेवली होती. एका मुलाने संत्र्याचा नारिंगी रंग थेट गडव्याच्या पोटावर आणि कापडावरही नेला. मी कागदाच्या कोपऱ्यात 'रंग बाहेर गेला' असा शेरा लिहिला आणि गुण कापले. त्या शेऱ्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे. आधी पॅरिसला जाऊ.

स्थिरवस्तुचित्र हा पाश्चात्त्य चित्रकलेतला नम्र प्रकार. त्यात देव नाहीत, राजे नाहीत, प्रसंग नाही. टेबलावर ठेवलेली फळे, भांडी, पाव, वाद्य. कथेचा आधार नसल्यामुळे चित्रकाराला फक्त पाहण्याशी झुंजावे लागते. घनवाद्यांनी याच प्रकाराला इतके जवळ का केले, याचे उत्तर त्यात आहे. हाताच्या अंतरावर असलेल्या, उचलता येणाऱ्या, फिरवून पाहता येणाऱ्या वस्तू त्यांना हव्या होत्या.

या वाटेवरचा पहिला मोठा माणूस पॉल सेझान. १९०६ साली तो वारला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन झाले. सेझानच्या फळांत रेघ आधी आणि रंग मग, असा क्रम नाही. रंगाचा एक ठिपका शेजारच्या ठिपक्यावर टेकतो. उबदार रंग पुढे येतो, थंड रंग मागे सरकतो, आणि त्या सरकण्यातून फळाची गोलाई सिद्ध होते. तिथे रंग हाच आकार असतो. भांडे आणि पाणी असा भेदच उरत नाही.

पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी सेझानपासून बरेच घेतले. पण त्यांनी ही एकी जशीच्या तशी स्वीकारली नाही, तोडली. १९०८ साली ब्राकची लेस्ताक येथील निसर्गचित्रे कानवायलर याच्या दालनात लागली, तेव्हा लुई व्होसेल या समीक्षकाने त्यांत घनाकृती पाहिल्या आणि पुढे 'घनवाद' हे नाव रूढ झाले. नाव आकारावरून पडले, म्हणून आपले लक्षही कायमचे आकारावर खिळले. पण त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत या दोघांच्या चित्रांत जे घडले ते रंगाच्या बाजूने पाहावे. हिरवा गेला, निळा गेला, तांबडा गेला. उरला करडा, मातकट, गेरूसारखा तपकिरी. १९०९-१० च्या सुमाराचे ब्राकचे 'व्हायोलिन आणि सुरई' हे चित्र घ्या. व्हायोलिनचे तुकडे, सुरईचे कंगोरे, भिंतीची वळणे ही सारी जवळजवळ एकाच मातकट प्रकाशात न्हालेली आहेत. कुठे वस्तू संपते आणि कुठे हवा सुरू होते, ते सांगता येत नाही.

हे का केले? वर्गात मी ते संत्र्यावरून समजावीत असे. समजा, तुम्हाला एकाच चित्रात संत्र्याची साल, आतल्या फोडी, बिया आणि वरून दिसणारा देठाचा खळगा हे सारे मांडायचे आहे. म्हणजे संत्रे सोलायचे आणि न सोललेलेही ठेवायचे. आता त्यात झगझगीत नारिंगी रंग घातलात तर काय होईल? डोळा क्षणात 'संत्रे' म्हणेल आणि पुढे निघून जाईल. ओळख पटली की पाहणे थांबते. शिवाय नारिंगी रंग जिथे संपेल तिथे वस्तूला कड येईल. आणि घनवाद्यांना तर एका प्रतलाची कड उघडी ठेवून ते शेजारच्या प्रतलात मिसळू द्यायचे होते. फळ, थाळी आणि मागची भिंत यांना एकमेकांत वाट द्यायची, तर सगळ्यांचा रंग एका कुळातला हवा. म्हणून रंगाला रजा.

मी याला रंगाचा चातुर्मास म्हणतो. चातुर्मासात कांदा-वांगी वर्ज्य करणारा माणूस काही त्यांचा द्वेष करीत नसतो. वर्ज्य केल्याने जिभेला त्या वस्तूची किंमत कळते. पिकासो आणि ब्राक यांनी रंग सोडला तो रंग निरुपयोगी म्हणून नव्हे. तो फार बोलका होता म्हणून. मात्र या व्रताची किंमत त्यांनी मोजली. १९११ च्या आसपासची त्यांची चित्रे इतकी दुर्बोध झाली, की ती वाचायला अक्षरांचा, खुणांचा आधार लागू लागला. वर उल्लेखिलेल्या ब्राकच्या चित्रात तर अगदी वरच्या बाजूला सावलीसकट एक खिळा रंगवलेला आहे, जुन्या पद्धतीने, हुबेहूब. तुटलेल्या जगात तो एकच साबूत खिळा. जणू चित्रकार स्वतःलाच सांगतो आहे की, भिंत अजून आहे.

या व्रताचे पारणे १९१२ साली फिटले, आणि ते रंगाच्या नळीने फिटले नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात पिकासोने 'वेताच्या खुर्चीसह स्थिरवस्तुचित्र' केले. लहानसे, लंबगोल. त्यात पेला आहे, सुरी आहे, लिंबाची चकती आहे. आणि खालच्या भागात वेताची वीण छापलेले मेणकापड चक्क चिकटवले आहे. चौकटीच्या जागी दोर गुंडाळला आहे. आपल्या घरोघरी टेबलावर असते तसलेच हे मेणकापड. खरे वेत नव्हे, रंगवलेले वेतही नव्हे. वेताचे छापील सोंग.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सॉर्ग गावी असताना ब्राकने आविन्यों शहरातल्या एका दुकानात लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद पाहिला. त्याने तो घेतला, कापला, चिकटवला आणि त्यावर कोळशाने फळांची थाळी आणि पेला रेखाटला. 'फळांची थाळी आणि पेला' हे त्या प्रकारचे पहिले चित्र मानले जाते. ब्राकचा बाप आणि आजोबा घरे रंगवणारे कारागीर. तो स्वतःही ते काम शिकला होता. ओल्या रंगावरून फणी फिरवून लाकडाच्या रेषा कशा उठवायच्या, हे त्याला हाताने ठाऊक होते. आपल्याकडेही लोखंडी कपाटावर आणि दारावर असे लाकूड उठवणारे रंगारी होते, आणि आता लाकूड छापलेला सनमायका तर गावोगाव पोचला आहे. तेव्हा या चित्रात आपल्याला परके वाटावे असे काही नाही.

आता या चित्रात काय घडते ते पाहा. रेघ काळी आहे, कोळशाची. ती द्राक्षांचा, थाळीचा, पेल्याचा आकार सांगते. रंग मात्र रेघेच्या आत नाही. तो कागदाच्या कापलेल्या पट्टीत आहे, आणि पट्टीची कड एकीकडे, रेघेची कड दुसरीकडे. पट्टी म्हणते, इथे कुठेतरी लाकूड आहे. रेघ म्हणते, इथे पेला आहे. दोघे एकाच वेळी बोलतात, पण एकमेकांच्या तोंडातून बोलत नाहीत. ब्राकने पुढे आपल्या या शोधाचे मर्म असेच सांगितले : या कागदांमुळे रंग आकारापासून वेगळा झाला आणि तो स्वतंत्रपणे काम करतो हे दिसले. मला हा क्षण घनवादातला सर्वांत मोठा वाटतो. आकाराची मोडतोड ही त्याची पूर्वतयारी होती.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा शोध ऐकून नवल वाटू नये. आंबिया बहाराचे संत्रे पुष्कळदा आतून गोड झालेले असते आणि सालीवर हिरवट झाक असते. रात्री गार पडू लागल्याशिवाय साल नीट रंग धरत नाही. फळाचे पिकणे आणि सालीचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बागवाल्याला माहीत असते. गिऱ्हाइकाला मात्र नारिंगी रंग म्हणजेच संत्रे वाटते. कलेतही आपण बहुतेक गिऱ्हाईकच असतो.

तिसरा चित्रकार हुआन ग्रिस. माद्रिदला १८८७ साली जन्मलेला हा माणूस चाळिशीतच, १९२७ साली गेला. पिकासो आणि ब्राक यांनी आकार आणि रंग यांची फारकत केली. ग्रिसने त्यांचा नव्या अटींवर संसार मांडला. सेझान बाटलीकडून नळकांड्याकडे जातो, मी नळकांड्याकडून बाटलीकडे येतो, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. म्हणजे आधी पृष्ठभागावर रंगांची प्रतले मांडायची, त्यांचा तोल साधायचा, आणि मग त्यांतून कोणते प्रतल पेला होईल, कोणते वर्तमानपत्र होईल ते ठरवायचे. आमच्या शाळेतल्या क्रमाच्या नेमका उलटा क्रम. आधी रंग, मग आकार.

त्याचे १९१५ चे 'उघड्या खिडकीसमोरील स्थिरवस्तुचित्र' या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते आता अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया येथील संग्रहालयात आहे. आत टेबल, त्यावर सुरई, फळांची थाळी, वर्तमानपत्र. बाहेर पॅरिसमधल्या प्लास राविन्यों या चौकातली झाडे आणि समोरच्या घराच्या खिडक्या. बाहेरचे जग निळ्या रंगात बुडालेले आहे. आत आणि बाहेर यांच्यामध्ये भिंतीची रेघ शोधू लागलात तर ती हाती लागत नाही. प्रतले सरळ एकमेकांतून आरपार जातात. तरी आत कुठले आणि बाहेर कुठले याविषयी डोळ्याला शंका येत नाही. ते काम निळा रंग करतो. आणि एखादे प्रतल वस्तूवरून गेले की त्या प्रतलापुरता वस्तूचा रंग पालटतो, पुढे पुन्हा निराळा होतो. पेला तोच, रंग तीन. इथे रंग वस्तूच्या मालकीचा नाही, तो जागेच्या मालकीचा आहे.

आता आपल्या घरी येऊ. माझ्या पिढीच्या चित्रकला शिक्षकांनी घनवाद पाहिला तो पुस्तकांतल्या काळ्या-पांढऱ्या छापील चित्रांत. नागपूरला गेल्यावर ग्रंथालयात बसून जेवढे हाती लागेल तेवढे पाहायचे. त्या छपाईत १९१० चे चित्र आणि १९१२ चे चित्र सारखेच दिसे. चिकटवलेला कागद म्हणजे एक करडा डाग. ग्रिसचा निळा म्हणजे आणखी एक करडा. ज्या चित्रांनी रंग सोडला होता त्यांचे या छपाईत फारसे बिघडले नाही; ज्यांनी रंग परत आणला होता त्यांचा जीवच गेला. त्यामुळे घनवाद म्हणजे कोन, कंगोरे आणि तुकडे, एवढेच आमच्या मनावर ठसले. आम्ही व्रत पाहिले, पारणे पाहिलेच नाही.

पण ज्यांनी मूळ चित्रे पाहिली त्यांचे काय? मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला इथे सर्वांत आधी आठवावे असे नाव नारायण श्रीधर बेंद्रे यांचे. १९१० साली इंदुरात जन्म, तिथेच द. दा. देवळालीकर यांच्या हाताखाली शिक्षण. इंदूरच्या या परंपरेत उघड्यावर जाऊन, उन्हात बसून रंगवण्याला मान होता. बेंद्रे यांचा हात तयार झाला तो निसर्गचित्रात, ऊन-सावलीच्या रंगात. १९४७-४८ मध्ये ते अमेरिकेत राहून आले. १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी चित्रकला शिकवली. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. त्या वर्गांत घनवाद हा व्याकरणासारखा शिकवला गेला, आणि पन्नाशीच्या दशकात त्यांनी स्वतःही त्या रीतीने चित्रे केली. त्यांच्या 'काटा' या चित्राला १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या टप्प्याविषयी आपल्याकडे एक आक्षेप ऐकू येतो. बेंद्रे आणि त्यांचे समकालीन यांचा घनवाद वरवरचा होता; मूळ आकृती साबूत ठेवून तिच्यावर कोनांची जाळी टाकली, एवढेच. या आक्षेपात तथ्य आहे. पण कारण सांगितले जाते ते मला पटत नाही. आमच्या चित्रकारांना आकार मोडण्याचे धैर्य नव्हते, असे म्हणतात. मला वाटते, अडचण आकाराची नव्हती, रंगाची होती. आकार मोडायचा तर आधी रंगाला रजा द्यावी लागते. फ्रेंच चित्रकारांनी ती तीन-चार वर्षे दिली. आमच्याकडे ते व्रत बहुतेकांनी केलेच नाही. थेट पारण्याला बसले. रंग भरघोस राहिला, म्हणून वस्तूची ओळख राहिली, म्हणून आकृती अभंग राहिली आणि कोन वरच्या वर तरंगत राहिले.

बेंद्रे यांना हे उमगले नसेल, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. ते त्या रीतीत रमून बसले नाहीत. त्यातून बाहेर पडले, अमूर्ताकडे गेले, आणि पुढच्या काळात रंगाच्या बारीक बिंदूंनी चित्र विणू लागले. काहींना ही माघार वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ज्याचे मूळ रंगात आहे त्याने रंग सोडून मिळणारे मोठेपण नाकारले. बिंदूंच्या त्या चित्रांत रेघेचे भांडे नाही, त्यात ओतलेले पाणीही नाही. ठिपके जमत जातात आणि आकार होतो. घनवादाने विचारलेला प्रश्न त्यांनी घनवाद सोडून सोडवला.

उलट उदाहरण जहांगीर साबावाला यांचे. मुंबईचे साबावाला पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्याकडे शिकले आणि तिथली प्रतलांची शिस्त त्यांनी आयुष्यभर सांभाळली. त्यांच्या चित्रांत कोन टिकून राहतात, कारण त्यांनी रंगाचा आवाज खाली आणला. करडे, निळसर, फिके, एकमेकांत विरणारे थर. व्रत त्यांनी आपल्या रीतीने पाळले. दोन मार्ग, दोन्ही सच्चे. खोटा तो तिसरा, ज्यात कोनही हवेत आणि भडक रंगही, आणि दोहोंचे एकमेकांशी काय नाते आहे याचा विचार नको. तो तिसरा मार्ग आजही गावोगावच्या प्रदर्शनांत दिसतो, आणि त्याला 'मॉडर्न आर्ट' म्हणून टाळ्या पडतात.

हा सारा खटाटोप पांढुर्ण्यात बसून कशाला, असे कोणी विचारील. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. पण ब्राकचे किंवा ग्रिसचे मूळ चित्र बघायला अजून आपल्याला समुद्र ओलांडावा लागतो. हे खरे. मात्र आता चांगल्या रंगीत प्रतिमा आपल्या मुलांच्या हातात येतात. आम्हाला जे करडे दिसले ते त्यांना निळे दिसते. त्यांना शिकवणाऱ्याने तरी जुना क्रम सोडायला हवा. आपल्या भाषेत 'रंग भरणे' आहे, तसे मैफल 'रंगणे'ही आहे. मैफलीत कोणी बाहेरून रंग ओतत नाही; सूर एकमेकांना लागतात आणि ती रंगते. चित्रकलेच्या तासाला हा दुसरा अर्थ आम्ही कधी आणला नाही.

आता तो शेरा. संत्री गडव्याच्या अगदी पुढ्यात होती. घासलेल्या पितळेवर शेजारच्या वस्तूचा रंग उतरतो, पांढऱ्या कापडावरही उतरतो. त्या मुलाने तो पाहून रंगवला होता की घाईत त्याचा कुंचला घसरला होता, हे मी आज सांगू शकत नाही. कारण त्या दिवशी मी मांडणीकडे वळून पाहिलेच नाही. कागदावरची रेघ तेवढी तपासली. गुण द्यायचे की कापायचे, हे नंतरचे. वळून पाहायला हवे होते.